गुणाकार चुकत नाही, साठवण चुकते

जावास्क्रिप्टमध्ये १२३४५६७८९ ला ९८७६५४३२१ ने गुणले, तर पडद्यावर १२१९३२६३१११२६३५२६० दिसते. एकक स्थानी ९ आणि १ असताना गुणाकाराच्या शेवटी ९ यायला हवा, हे चौथीतली मुलगीही सांगेल. खरे उत्तर १२१९३२६३१११२६३५२६९ आहे. इथे प्रोसेसर बिघडलेला नाही आणि भाषेतही बग नाही. उत्तर ठेवायला जागा किती, हा खरा प्रश्न आहे.

गैरसमज १ : संगणकाने दिलेले पूर्णांकी उत्तर अचूकच असते.

वस्तुस्थिती : जावास्क्रिप्टची साधी संख्या ६४ बिटांची असली, तरी तिच्यातल्या अंकांच्या वाट्याला ५३ बिटच येतात. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक नेमका मांडता येतो. पुढे मात्र फटी पडतात, आधी दोनच्या, मग चारच्या, आठच्या. वरच्या उत्तराच्या परिसरात तर मांडता येणाऱ्या संख्या १६-१६च्या अंतरावर आहेत. म्हणून मेमरीत शेवटी २६४ असलेली जवळची संख्या जाते आणि छापताना तिच्या ओळखीपुरते अंक ठेवून शेवटी शून्य लावले जाते.

गैरसमज २ : उत्तरासाठी मोठ्या प्रकारचे व्हेरिएबल घेतले की झाले.

वस्तुस्थिती : जावामध्ये ‘लाँग’ व्हेरिएबलमध्ये १००००० × १००००० ठेवा. दहा अब्जांऐवजी १४१००६५४०८ मिळेल. दोन्ही संख्या ‘इंट’ असल्याने गुणाकार ३२ बिटांत होतो, तिथेच ओव्हरफ्लो होतो, म्हणजे उत्तर जागेत मावत नाही, आणि चुकलेले उत्तर मोठ्या व्हेरिएबलमध्ये जाते. म्हणून गुणण्याआधीच निदान एक संख्या ‘लाँग’ करावी. ‘लाँग’लाही मर्यादा आहेच. २० चा फॅक्टोरियल त्यात बसतो, २१ चा बसत नाही आणि जावा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘मॅथ.मल्टिप्लायएक्झॅक्ट’ वापरल्यास निदान एरर तरी येते. त्याहून मोठ्या संख्यांसाठी ‘बिगइंटिजर’ आहे.

गैरसमज ३ : पायथनमध्ये ही चिंताच नाही.

वस्तुस्थिती : पायथनचा पूर्णांक मेमरी पुरेल तितका वाढतो, हे खरे. पण एका तिरक्या रेघेचा भागाकार केला की उत्तर फ्लोट, म्हणजे जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येसारखे होते आणि ५३ बिटांची मर्यादा परत येते. पायथनच्या नमपाय लायब्ररीतल्या ६४ बिटी ॲरेमध्ये ओव्हरफ्लो गुपचूप होतो. ‘डेसिमल’ हा प्रकारही अमर्याद नाही, वेगळे सांगितले नाही, तर गणिताचे उत्तर २८ सार्थ अंकांपर्यंतच ठेवले जाते.

गैरसमज ४ : जावास्क्रिप्टच्या ‘बिगइंट’मध्ये टाकली की कोणतीही संख्या अचूक होते.

वस्तुस्थिती : ‘बिगइंट’च्या कंसात ९००७१९९२५४७४०९९३ लिहिले, तर शेवटी ३ ऐवजी २ मिळतो. कंसातली संख्या आधी साधी म्हणून वाचली जाते, तिथेच तिचा शेवटचा अंक जातो. गेलेला अंक नंतर परत येत नाही. संख्या अवतरणचिन्हांत द्यावी किंवा तिच्या शेवटी ‘एन’ लावावा. जेसॉनमधून येणाऱ्या लांबलचक आयडींचेही असेच होते. ते स्ट्रिंग म्हणूनच पाठवावेत.

गैरसमज ५ : अचूकता हवी असेल तर वेगावर पाणी सोडावे लागते.

वस्तुस्थिती : थोडा वेळ जास्त लागतो, पण वाटतो तितका नाही. अंक दुप्पट झाले की शाळेतल्या पद्धतीचे काम चौपट होते. याहून वेगवान पद्धत नसावी, असा गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव यांचा अंदाज होता. १९६० मध्ये मॉस्कोतल्या त्यांच्या चर्चासत्रात तो ऐकून २३ वर्षांच्या अनातोली कारात्सुबा यांनी आठवड्याभरात खोडून काढला. संख्येचे दोन तुकडे केल्यावर लागणाऱ्या चार गुणाकारांचे काम त्यांनी तिनांत भागवले. पायथन मोठ्या पूर्णांकांसाठी आजही हीच युक्ती वापरतो. गुप्तलेखनातल्या २०४८ बिटी आरएसए चावीच्या ६१७ अंकी संख्यांशी आपले फोन सहज हिशेब करतात.

कोड लिहिण्याआधी दोन्ही संख्यांचे अंक मोजून बेरीज करा. गुणाकारात त्याहून जास्त अंक येत नाहीत. बेरीज १५ पर्यंत असेल तर जावास्क्रिप्टची साधी संख्या पुरते, १८ पर्यंत ६४ बिटी पूर्णांक. त्यापुढे अमर्याद पूर्णांकाचाच प्रकार निवडा, आणि तो पहिल्या ओळीपासून.