टपालहशील माफ!

काझीपेठ–बल्लारशाह लोहमार्गावरील बेल्लमपल्ली या सिंगरेणीच्या कोळसाखाणींच्या गावी, दूरस्थ गोदामातून निघालेली वस्तू ‘घरपोच मोफत’ म्हणून दाराशी येते, तेव्हा वाहतूक, हमाली आणि पोहोचविणाऱ्या इसमाची मजुरी यांचा खर्च कोणीतरी सोसलेलाच असतो. आणि तो बहुधा ग्राहकच असतो. व्यापाऱ्याने धर्मादाय करावा अशी अपेक्षा नाहीच; आक्षेप आहे तो लपवाछपवीला. ही रक्कम कधी किमतीतच मुरवलेली असते, कधी ‘पाचशेच्या वर मोफत’ या अटीपायी नको असलेले मोजे घ्यायला लावून वसूल होते, तर कधी अगदी शेवटच्या पानावर ‘हाताळणी शुल्क’ हे नाव धारण करून अवतरते.

शून्याची मोहिनी मात्र विलक्षण आहे. शॅम्पॅनिए, मझार व एरिएली या संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंची चॉकलेट 15 सेंटांस व साधे 1 सेंटास ठेवले असता घेणाऱ्यांपैकी 73 टक्क्यांनी उंची पसंत केले. दोहोंची किंमत एकेक सेंट उतरविताच, अंतर तेच असूनही, 69 टक्के फुकटाकडे वळले.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित केलेल्या ऑनलाइन विक्रीतील 13 निषिद्ध क्लृप्त्यांत, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे आणि संमतीवाचून टोपलीत वस्तू सरकविणे यांचाही समावेश आहे. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी अखेरची एकूण रक्कम गावातील दुकानाच्या भावाशी ताडून पाहावी, आणि फसगत झाल्यास 1915 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार गुदरावी.