राजा एक, हेर तीन
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना उपरण्याखालचा सौदा ठाऊक असेलच. घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात हातात घेतात, वर उपरणे नाहीतर टॉवेल टाकतात आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरतो. भोवती पन्नास माणसे उभी असली तरी आकडा कोणाला कळत नाही. माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, बैलांचे हेडी आहेत. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली ती कायमची. पण समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याची गरज ओळखण्याच्या विद्येत त्यांचा हात धरणारा आमच्या बाजारात क्वचितच सापडेल.

हे सांगण्याचे कारण असे. २०२० च्या शिवजयंतीला आमच्या चौकात पांढरा पडदा लावून 'फत्तेशिकस्त' हा चित्रपट दाखवला होता. आम्ही सारी पोरे पुढे गोणपाटावर बसलो होतो. बहिर्जी नाईक वेष पालटून पडद्यावर आले की आम्ही ओरडायचो, "बहिर्जी! बहिर्जी!" मागून अण्णा म्हणाले, "तुम्हा पोरांना वळकू येतोय आन् खानाला येत न्हाय? जो वळकू आला त्यो हेर कसला?"

तेव्हा आम्ही हसण्यावारी नेले. पण महाविद्यालयात आल्यावर इंग्रजीच्या तासाला जेम्स बाँडचा विषय निघाला आणि अण्णांचे ते वाक्य मला पुन्हा आठवले. बाँड हा जगातला सर्वांत प्रसिद्ध हेर. आणि तो तर जाईल तिथे आपले नाव मोठ्या ऐटीत सांगतो! अण्णांच्या हिशेबाने हा माणूस पहिल्याच बाजारात फसला असता.

बाँडपटांची मालिका १९६२ साली सुरू झाली आणि २०२१ पर्यंत तिचे पंचवीस चित्रपट निघाले. त्यांत बाँड झाले सहा नट. शॉन कॉनरी सहा वेळा, जॉर्ज लॅझेनबी एकदाच, रॉजर मूर सात वेळा, टिमोथी डाल्टन दोनदा, पिअर्स ब्रॉस्नन चार वेळा आणि डॅनियल क्रेग पाच वेळा. आपल्याकडे एवढी लांब हेरपटांची मालिका नाही, असे मी वर्गात म्हणाले होते. आता ते विधान मी मागे घेते. दिग्पाल लांजेकर यांनी 'शिवराज अष्टक' या नावाने आठ चित्रपटांचा संकल्प सोडला आणि २०२३ पर्यंत त्यांतील पाच पडद्यावर आले: 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२) व 'सुभेदार' (२०२३). हे ऐतिहासिक चित्रपट आहेत, त्यांना हेरपट कसे म्हणता, असे कोणी विचारील. पण पाहा. साठ मावळ्यांनिशी पन्हाळा घेणे काय, लाखाच्या छावणीत शिरून लाल महालात शाहिस्तेखानाला गाठणे काय, बातमी आधी पोचल्याशिवाय यांतले काही घडणे शक्य होते का? तलवार चालते ती शेवटच्या अर्ध्या तासात. त्याआधीचा सारा खेळ हेरांचाच असतो.

फरक एवढाच की, बाँडच्या मालिकेत हेर हाच नायक आहे. आपल्याकडे नायक राजा आहे आणि हेर त्याच्या सावलीत उभा आहे. म्हणून बाँडचा नट बदलला की जगभर चर्चा होते. आपला बहिर्जी बदलला तेव्हा आमच्या चौकात कोणाच्या लक्षातही आले नाही. 'फर्जंद'मध्ये बहिर्जी झाले प्रसाद ओक. 'फत्तेशिकस्त' आणि 'पावनखिंड'मध्ये हरीश दुधाडे. 'शेर शिवराज'मध्ये तर स्वतः दिग्दर्शक लांजेकरच बहिर्जी झाले. गंमत अशी की, हे चित्रपट इतिहासाच्या क्रमाने निघालेले नाहीत. 'फर्जंद'ची पन्हाळ्याची मोहीम १६७३ ची, लाल महाल १६६३ चा, पावनखिंड १६६० ची आणि अफझलखानाचा प्रसंग १६५९ चा. इतिहासाच्या क्रमाने लावायचे तर बहिर्जी आधी लांजेकरांसारखे दिसत होते, मग दुधाड्यांसारखे झाले आणि म्हातारपणाकडे झुकताना त्यांना प्रसाद ओकांचा चेहरा लाभला!

दुसऱ्या कोणत्याही पात्राच्या बाबतीत हा दोष ठरला असता. बहिर्जींच्या बाबतीत मला तो गुण वाटतो. ज्याचे कामच मुळी चेहरा लपवण्याचे, त्याला कायमचा चेहरा कशाला हवा? इतिहासातही त्यांचे तसेच आहे. सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रसंगी त्यांचे नाव येते. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. बाकी जे काही आपण ऐकतो ते बहुतेक दंतकथाच. हेराविषयी भरपूर कागद मागे राहिले असते तर तो चांगला हेर नव्हता असेच म्हणावे लागले असते.

तिघांत मला अधिक कोण आवडले, हे सांगितल्याशिवाय ही तुलना पुरी होणार नाही. प्रसाद ओक मुळात अतिशय ताकदीचे नट. पण ते सोंग घेऊन आले की प्रेक्षक सोंग पाहत नाही, प्रसाद ओकांना पाहतो. अण्णांची हरकत येथे बरोबर लागू पडते. हरीश दुधाडे यांचा चेहरा मला तेव्हा ओळखीचा नव्हता, आणि हीच त्यांची जमेची बाजू ठरली. गर्दीत उभे राहिले तर ते गर्दीचेच वाटतात. लांजेकरांच्या बाबतीत मात्र मला वेगळीच मौज वाटते. दिग्दर्शक म्हणजे तरी काय? सारी योजना त्याला ठाऊक, कोण कोठून येणार आणि कोठे पडणार हे त्याने ठरवलेले, आणि स्वतः तो कधी दिसत नाही. तो पडद्यावर आला तर त्याने हेराचेच काम करावे हे न्यायाला धरून आहे.

जाता जाता आणखी एक. 'फर्जंद' आणि 'फत्तेशिकस्त' या दोहोंत मृण्मयी देशपांडे यांची केसर आहे. ती हेर आहे. बाँडच्या पुष्कळ चित्रपटांत स्त्रिया येतात आणि बहुतेकींचे काम बाँडला भुलणे किंवा भुलवणे एवढेच असते. केसरचे तसे नाही. तिला मोहिमेत स्वतःची कामगिरी आहे. मुलींनी हे दोन चित्रपट त्यासाठी अवश्य पाहावेत.

आता खलनायक. खलनायक जितका मोठा तितका नायक मोठा, हे आपण नाट्यशास्त्राच्या तासाला ऐकतो. पण मला ते बाजारात आधी कळले होते. नवख्या गिऱ्हाइकाला गंडवून बैल विकल्याची बढाई कोणताही हेडी मारत नाही. बढाई मारायची ती मुरलेल्या हेड्याशी केलेल्या सौद्याची.

बाँडच्या मालिकेत ब्लोफेल्ड नावाचा शत्रू आहे. गंमत म्हणजे त्या मालिकेत शत्रूचाही चेहरा बदलतो. १९६७ साली डोनाल्ड प्लेझन्स, १९६९ साली टेली सव्हालस, १९७१ साली चार्ल्स ग्रे आणि पुढे कितीतरी वर्षांनी, २०१५ साली, क्रिस्टोफ वॉल्ट्झ. यांपैकी प्लेझन्स यांचा ब्लोफेल्ड अंगाने लहानखुरा, आवाजाने मऊ. मांजर कुरवाळत बसलेला. मारामारीत बाँडने त्याला चिमटीत धरला असता, आणि तरीही भीती वाटते ती त्याचीच. उलट १९८३ सालच्या 'ऑक्टोपसी'त, ज्याचे चित्रीकरण उदयपूरला झाले, आपले कबीर बेदी गोबिंदा झाले आहेत. केवढा धिप्पाड माणूस! पण तो दुसऱ्याच्या हुकमाचा ताबेदार, म्हणून त्याची भीती तेवढ्यापुरतीच.

आपल्या मालिकेत हे दोन्ही नमुने सापडतात. 'शेर शिवराज'चा अफझलखान म्हणजे मुकेश ऋषी. देह, डोळे, आवाज, तिन्ही बाबतींत खान शोभतो. शामियान्यात तो उभा राहतो तेव्हा महाराजांसाठी आपला जीव खालीवर होतो, शेवट पाठ असूनही. 'फत्तेशिकस्त'चा शाहिस्तेखान अनुप सोनी यांचा. हे गृहस्थ कित्येक वर्षे दूरदर्शनसंचावर 'क्राइम पेट्रोल'मध्ये आपल्याला गुन्हेगारांपासून सावध करीत होते. तोच आवाज आता लाल महालात लोडाला टेकून बोलतो! त्यांचा खान आरडाओरडा करीत नाही, हे मला फार आवडले. इतिहासातला शाहिस्तेखानही काही विदूषक नव्हता. तो औरंगजेबाचा मामा. लाल महालात बोटे गमावल्यावर त्याला बंगालच्या सुभ्यावर पाठवले, आणि तेथे त्याच्या फौजांनी १६६६ साली चितगाव जिंकले. असा माणूस एका रात्रीत पुणे सोडायला तयार झाला, यात त्या रात्रीची खरी किंमत आहे. आपण मात्र शाळेपासून त्याच्या तुटलेल्या बोटांना हसत आलो.

पण माझ्या मते सर्वांत अवघड काम समीर धर्माधिकारी यांच्या वाट्याला आले. 'पावनखिंड'मधील सिद्दी जौहर. त्याने पन्हाळ्याला वेढा घातला आणि भर पावसाळ्यातही तो सैल पडू दिला नाही. त्यात ना कट, ना दगा, ना शामियाना. नुसती चिकाटी. वाट पाहणारा शत्रू पडद्यावर दाखवणे कठीण असते, कारण वाट पाहण्यात दिसण्यासारखे काय आहे? चित्रपटाने जौहरला आणखी थोडा वेळ द्यायला हवा होता, अशी माझी तक्रार आहे. या मालिकेतील शत्रूचे सरदार कधी कधी फारच सहज फसतात. टाळ्या पडतात, पण बहिर्जींचा मोठेपणा तेवढ्याने कमी होतो.

मराठी नट या मालिकेत मरतात आणि पुन्हा जन्मतात, त्याचीही एक मजा आहे. अजय पूरकर 'फत्तेशिकस्त'मध्ये तानाजी होते, 'पावनखिंड'मध्ये बाजीप्रभू झाले आणि 'सुभेदार'मध्ये पुन्हा तानाजी. आमची आजी 'सुभेदार' पाहताना म्हणाली, "ह्यो मागल्या बारीला खिंडीत पडला व्हता न्हवं? आता पुन्यांदा मरायला आला का काय!" आणि तरीही शेवटी तिने पदर डोळ्यांना लावला तो लावलाच.

हेर बदलले, खलनायक बदलले, सरदारांनी नावे बदलली. बदलला नाही तो एकच चेहरा. पाचही चित्रपटांत महाराज झाले चिन्मय मांडलेकर. येथे बाँडशी असलेली तुलना थांबते. बाँड बदलला तर लोक वाद घालतात, पण त्याला नमस्कार कोणी करीत नाही. आमच्या चौकात महाराज पडद्यावर आले की माणसे उठून उभी राहत होती. मी स्वतःही उभी राहिले. शिवनेरी आमच्याच तालुक्यात. १६३० साली महाराजांचा जन्म जेथे झाला त्या मातीतली आम्ही माणसे. हे आपोआप होते.

पण नटाने काय करावे? 'पावनखिंड' आला १८ फेब्रुवारी २०२२ ला आणि 'शेर शिवराज' २२ एप्रिलला. या दोहोंच्या मध्ये, मार्चमध्ये, 'द कश्मीर फाइल्स' हा हिंदी चित्रपट आला. त्यात थंड डोळ्यांनी माणसे मारणारा बिट्टा हा अतिरेकी कोणी केला आहे? चिन्मय मांडलेकर यांनीच. सव्वादोन महिन्यांच्या आत एकच माणूस महाराज, मग मारेकरी आणि पुन्हा महाराज. मला तर हा या मालिकेतला सर्वांत मोठा वेषपालट वाटतो. बहिर्जींच्या तोडीचा.

प्रेक्षकांनी तो तसा घेतला असता तर बरे झाले असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये मांडलेकरांनी जाहीर केले की, यापुढे ते महाराजांची भूमिका करणार नाहीत. त्यांच्या घरच्या एका अगदी खासगी गोष्टीवरून समाजमाध्यमांवर लोकांनी त्यांच्या कुटुंबाला नको नको ते बोलून घेतले होते. खलनायक केला म्हणून नव्हे, तर महाराज केले म्हणून हा त्रास झाला, हे ध्यानात घ्यावे. निळू फुले यांना खेड्यापाड्यांत बायका शिव्या द्यायच्या म्हणतात. पण ती त्यांच्या अभिनयाला मिळालेली पावती होती. येथे तर नटाला देव्हाऱ्यात बसवून मग त्याच्या घरात डोकावून पाहण्यात आले.

मला याचा थोडा अनुभव आहे, अगदीच चिमूटभर. आठवीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात लाल महालाचा प्रवेश बसवला होता. वर्गात मी उंच, म्हणून मला शाहिस्तेखान केले. महाराज झालेल्या मुलीची प्रवेशाआधी सर्वांनी दृष्ट काढली. आमच्या आजीनेसुद्धा. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला कशाला लागंल दृष्ट?" पुढे वर्षभर मुले मला "खानसाहेब, बोटं मोजा" म्हणत होती. मला त्याचे दुःख झाले नाही, खरे तर थोडा अभिमानच वाटला. पण ती महाराज झालेली मुलगी! तिने मधल्या सुट्टीत चिंच चोरून खाल्ली तरी बाई म्हणायच्या, "महाराज झाली होतीस ना गं तू?" दहावी होईपर्यंत तिची त्यातून सुटका झाली नाही. खान होऊन मी परत मी झाले. तिला परत येऊ दिले नाही.

या वर्षी आपल्या स्नेहसंमेलनात पुन्हा तोच प्रवेश बसतो आहे. सरांनी विचारले, "तू खानच करणार ना? अनुभव आहे तुला." मी म्हटले, मला बहिर्जी द्या. सर म्हणाले, "बहिर्जीला वाक्ये चारच आहेत, आणि तीही पाठमोरी उभी राहून." मी म्हटले, चालेल. अण्णा सोमवार सोडून कुठल्याही वारी यायला तयार आहेत. पोशाख कोणता ते मात्र मी त्यांना सांगितलेले नाही.