कोकणातील वाडीत मांगराची रचना : पाऊस, वारा आणि छप्पर

बीजशब्द : मांगर, जांभा, कौलारू छप्पर, चौपाखी, निसर्ग चक्रीवादळ

प्रस्तावना
कोकणात घर, अंगण, परसू, विहीर आणि वाडी यांचा मिळून एकच संसार असतो. नारळ, सुपारी, गवत, सरपण आणि अवजारे ठेवण्यासाठी वाडीत एक छोटी वास्तू बांधली जाते. दक्षिण कोकणात व गोव्यात तिला ‘मांगर’ म्हणतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता आणि असंख्य घरा-गोठ्यांची छपरे उडाली. अशी वास्तू नव्याने उभारताना पूर्वीचीच पद्धत ठेवावी की सरसकट पत्रा घालावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जागेची निवड
मांगर उंचवट्यावर, पाण्याच्या ओघापासून दूर असावा. कललेल्या माडाच्या पडण्याच्या टप्प्यात तो नसावा. पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्य व पश्चिमेकडून येत असल्याने दार पूर्वेस ठेवणे इष्ट ठरते.

जोते व भिंती
स्थानिक जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो व हवेत उघडा राहिल्यावर कठीण होतो. म्हणूनच त्याचे चिरे सहज तासता येतात. मात्र तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. यासाठी जोते जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर उंच असावे आणि पावसाच्या माऱ्याकडील भिंतीस गिलावा करावा. लाकडी खांब मातीत न पुरता दगडी उथळ्यावर उभे केल्यास ओल व वाळवी यांपासून त्यांचे रक्षण होते.

छपराचा पेच
भिंती कोरड्या राहाव्यात म्हणून छपराची पागोळी भिंतीपासून दूर पडली पाहिजे. परंतु छप्पर जितके बाहेर काढावे तितका वाऱ्यास ते खालून उचलण्यास वाव मिळतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा १२० किलोमीटर झाल्यास दाब दुप्पट नव्हे, तर चौपट होतो. पत्रा वजनाने हलका असल्याने सांधा सुटताच संपूर्ण उडतो, शिवाय उन्हाळ्यात तो तापतो. कौले जड असतात व त्यांच्या फटींतून हवा खेळती राहून गवत-सुपारी कोरडी राहते. परंतु ती सुटी असल्याने कडेच्या ओळी प्रथम निसटतात.

यातून पुढील मध्यम मार्ग सुचतो. छप्पर दुपाखी न करता चौपाखी करावे. चारही बाजूंनी उतार असल्याने वाऱ्यास उभी त्रिकोणी भिंत अडवीत नाही. उतार सुमारे ३० अंशांचा व छपराचा बाहेर आलेला भाग ७५ ते ९० सेंटीमीटरचा असावा. वासे पाटईस व पाटई भिंतीस लोखंडी पट्ट्यांनी जखडावी. कडेच्या व आढ्यावरील कौलांच्या ओळी तारेने रिपांना बांधाव्यात.

पाण्याचा उपयोग
मांगर ६ मीटर लांब व ४ मीटर रुंद आणि छप्पर सर्व बाजूंनी ९० सेंटीमीटर बाहेर असे धरल्यास छपराखालील आडवे क्षेत्र सुमारे ४५ चौरस मीटर होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस गृहीत धरल्यास या छपरावर सुमारे १,३५,००० लिटर पाणी पडते. पन्हळ लावून ते गाळून विहिरीकडे वळविल्यास जोत्याची धूप थांबते व विहिरीच्या पुनर्भरणासही हातभार लागतो.

निष्कर्ष
मांगराचे आयुष्य छपरावरील साहित्यापेक्षा छप्पर, भिंत व जोते यांतील सांध्यांवर अधिक अवलंबून असते. परंपरेने पावसाचा प्रश्न उत्तम रीतीने सोडविला होता. आता तीत वाऱ्याच्या विचाराची भर घालणे आवश्यक आहे. त्यासाठी येणारा खर्च संपूर्ण छप्पर पुन्हा घालण्याच्या मानाने अल्पच असतो. लोखंडी पट्ट्या व तारा यांचे काम मात्र बांधकामाच्या वेळीच करावे लागते, कारण वादळाची सूचना मिळाल्यानंतर त्यासाठी अवधी उरत नाही.