विश्लेषण : पडवीतल्या फ्रीजला हात लावला की झिणझिण्या का येतात? लोणावळ्यात बाहेर फ्रीज ठेवताना काय पाहावे?

लोणावळा, तुंगार्ली, कार्ला, पवनानगर या पट्ट्यात शनिवार-रविवारसाठी भाड्याने दिले जाणारे बंगले आणि पवना धरणाच्या काठचे तंबू आता नवीन राहिलेले नाहीत. अशा ठिकाणी पडवीत, गच्चीवर किंवा बार्बेक्यूच्या कट्ट्याशेजारी ४०-५० लिटरचा छोटा फ्रीज ठेवलेला असतो. थंड पाणी, सरबत, मसाला लावून ठेवलेले चिकन-पनीर हाताशी राहते आणि ओल्या पायांनी कोणी स्वयंपाकघरात येत नाही. सोय चांगली आहे. अडचण एवढीच, की दुकानात मिळणारे बहुतेक छोटे फ्रीज चार भिंतींच्या आत वापरण्यासाठी बनवलेले असतात. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो ४,००० मिलिमीटरच्या पुढे जातो. शहरातल्या फ्लॅटमध्ये दहा वर्षे बिनतक्रार चालणारे मॉडेल इथल्या पडवीत दोन पावसाळ्यांत कुरकुर का करते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

फ्रीजला त्रास उन्हाचा की ओलीचा?

दोन्हींचा, पण मावळात ओलीचा जास्त. हवेतली वाफ ज्या तापमानाला पाण्याचे थेंब होऊन पृष्ठभागावर बसते, त्याला दवबिंदू म्हणतात. मे महिन्यात तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास असतो. फ्रीजचा बाहेरचा पत्रा इतका थंड कधीच होत नाही, म्हणून तो कोरडा राहतो. जुलैत लोणावळ्यात तापमान २४ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के असेल, तर दवबिंदू २३ अंशांवर येतो. म्हणजे फ्रीजचा पत्रा किंवा काच हवेपेक्षा जेमतेम अंशभर थंड झाली, तरी तिला घाम फुटतो. काचेच्या दाराच्या फ्रीजखाली पावसाळ्यात थारोळे दिसते ते यामुळे. त्याला बिघाड समजून मेकॅनिक बोलावण्याची गरज नसते. मात्र हेच पाणी मागच्या बाजूच्या रिलेवर, थर्मोस्टॅटच्या जोडांवर आणि प्लगमध्येही बसते, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

झिणझिण्या आल्या तर त्याचा अर्थ काय?

फ्रीजच्या पत्र्यात करंट उतरला आहे, हा त्याचा सरळ अर्थ. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दार उघडताना हाताला किंचित मुंग्या आल्या, तर ‘पावसाळ्यात असे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये. फ्रीजला पुन्हा हात न लावता घराच्या मुख्य बोर्डावरून त्या भागाची वीज बंद करावी. फ्रीजजवळचे बटण दाबायला जाऊ नये, कारण तो बोर्डही ओला असू शकतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोर्डावर एमसीबी आहे म्हणजे माणूस सुरक्षित आहे, असे अनेकांना वाटते. १६ अँपिअरचा एमसीबी वायर तापू नये म्हणून असतो. माणसाचा जीव घ्यायला त्याच्या शेकडोपटीने कमी करंट पुरतो आणि तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढा फरक दिसताच सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. बाहेरच्या फ्रीजच्या लाइनवर हा नसेल, तर फ्रीज घेण्याआधी तो बसवावा. त्यावरचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का, हे पाहावे.

आरसीसीबी असला तरी अर्थिंग लागतेच. अर्थिंग धड असेल, तर पत्र्यात उतरलेला करंट लगेच जमिनीकडे जातो आणि कोणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल, तर करंटला जमिनीकडे जाण्याचा मार्ग मिळतो तो हात लावणाऱ्याच्या अंगातून. आरसीसीबी तेव्हाही पडेल, पण झटका बसल्यावर. जुन्या बंगल्यांत सॉकेटला तिसरे भोक असते, त्यामागे वायर असतेच असे नाही. वायर असली तरी ती मुरमाड, खडकाळ जमिनीत पुरलेल्या पट्टीपर्यंत जाते. सह्याद्रीच्या या कातळात अर्थिंगचा रोध मुळातच जास्त, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन सुकली की तो आणखी वाढतो. त्यामुळे पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंग उन्हाळ्यात कुचकामी ठरू शकते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुनी पद्धत म्हणूनच आहे. वर्षातून एकदा, शक्यतो मेमध्ये, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थ टेस्टरने मोजून घ्यावे. फ्रीजच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये खुपसण्याचा प्रकार कुठे दिसला, तर तिथून पोरांना आधी लांब करावे.

आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो बायपास करून देणारे लोकही भेटतात. तो पडतो याचा अर्थ तो त्याचे काम करतो आहे. फ्रीजचा प्लग काढून पाहावे. मग पडायचा थांबला तर गळती फ्रीजमध्ये, तरीही पडत असेल तर वायरिंगमध्ये.

जागा कशी निवडायची?

पडवीची आतली भिंत, जिथे पागोळ्याही नाहीत आणि पश्चिमेकडून येणारी झडही पोहोचत नाही. कोरड्या दिवशी जागा ठरवण्यापेक्षा जोराच्या पावसात तासभर फरशी कुठपर्यंत ओली होते ते पाहावे आणि त्याच्या आत फ्रीज ठेवावा. खाली सहा-आठ इंचांचा सिमेंटचा ओटा हवा. मागे आणि बाजूला माहितीपुस्तिकेत दिलेली मोकळी जागा सोडावी, कारण आतली उष्णता फ्रीज तिथूनच बाहेर टाकतो. चालू फ्रीजवर ताडपत्री गुंडाळणे हा सर्वात वाईट उपाय. त्याने उष्णता आणि ओल दोन्ही आत कोंडतात. लाकडी कपाट करायचे असेल तर त्याला वर-खाली जाळी हवी.

सॉकेट चार-पाच फूट उंचीवर, झाकणाच्या जलरोधक पेटीत असावा. वायर सॉकेटकडे सरळ न नेता आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी. वायरवरून ओघळणारे पाणी त्या झोलाच्या तळाशी ठिबकून जाते, सॉकेटमध्ये शिरत नाही. फुकटचा उपाय आहे, पण क्वचितच कोणी करते.

हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६००ए म्हणजे आयसोब्युटेन वायू असतो. प्रमाण थोडे असले तरी तो ज्वलनशील आहे. त्यामुळे फ्रीज आणि बार्बेक्यूचा निखारा शेजारी-शेजारी नकोत आणि आतला बर्फ सुरीने खरवडू नये. नळीला भोक पडले की वायू जातो आणि दुरुस्तीचा खर्च छोट्या फ्रीजच्या किमतीच्या जवळ पोहोचतो.

लेबलवर काय वाचायचे?

दोन गोष्टी. पहिली आयपी क्रमांक. त्यातला दुसरा आकडा पाण्याबाबतचा असतो. ४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणाऱ्या तुषारांपासून संरक्षण, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून. घरगुती फ्रीजवर असा क्रमांक बहुधा नसतोच. मग तो बाहेरचा नाही असे समजावे आणि पूर्ण आडोशाला ठेवावा. विक्रेता ‘बाहेर चालेल’ म्हणाला, तरी वॉरंटीत काय छापले आहे ते वाचावे.

दुसरी गोष्ट हवामान वर्ग. ‘टी’ म्हणजे उष्ण कटिबंधाचा फ्रीज १६ ते ४३ अंशांच्या भोवतालासाठी बनवलेला असतो. उन्हाळ्यासाठी हे उत्तम, पण खालचा आकडाही महत्त्वाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत मावळातली रात्र १६ अंशांच्या खाली जाते. एकाच थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या फ्रीजला तेव्हा ‘आत पुरेसे थंड आहे’ असे वाटते, कंप्रेसर क्वचितच सुरू होतो आणि फ्रीजरमधले पदार्थ नरम पडतात. कडाक्याच्या थंडीत आइस्क्रीम वितळल्याची तक्रार ऐकून हसू येते, पण तिच्यामागचे कारण हे आहे.

पवनेच्या काठी तंबूत कोणता फ्रीज चालेल?

गाडीच्या १२ व्होल्टवर चालणारे दोन प्रकार मिळतात. स्वस्त पेटीत पेल्टिअर पद्धत असते, जिचा शोध १८३४ सालचा. ती बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली नेते. मेमधल्या ३८ अंशांत आत १८ ते २३ अंश राहतात. बाटल्यांना हे ठीक, कच्च्या चिकनला अजिबात नाही. नासणारे पदार्थ ५ अंशांखाली राहिले पाहिजेत, त्यावर जिवाणू झपाट्याने वाढतात. मांस न्यायचे असेल तर कंप्रेसरवाली पेटीच घ्यावी.

ती किती वेळ चालेल, याचा हिशेब सोपा आहे. ४५ वॉटचा कंप्रेसर एक तृतीयांश वेळ चालला, तर दिवसाला ३६० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टवर ३० अँपिअर-तास लागतात. गाडीच्या ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मेच वापरणे शहाणपणाचे. म्हणजे १७-१८ तास. शनिवारी दुपारी लावलेली पेटी रविवारी सकाळपर्यंत पुरते, पण त्यानंतर गाडी सुरू होण्याची खात्री हवी असेल तर बॅटरी ठरावीक व्होल्टेजला तोडणारी सोय पेटीत असावी.

थंड होत नसेल तर आधी काय तपासावे?

दाराचे रबर. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढावी. सहज निसटली तर तिथून दमट हवा आत जाते आणि बर्फाचा थर साचतो. बोटभर जाड थर झाला की फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा. नंतर मागची धूळ आणि पाणी निघण्याचे छिद्र साफ करावे.

‘टक्’ असा आवाज येऊन काही सेकंदांत कंप्रेसर बंद पडत असेल, तर बहुधा व्होल्टेज कमी आहे किंवा रिले गेला आहे. १९१५ पासून वळवण-शिरवत्याच्या पाण्यावर खोपोलीत वीज तयार होते आहे, तरी पावसाळ्यात झाड तारांवर पडले की लोणावळेकरांच्या वाट्याला अंधार येतोच. वीज आली की लगेच फ्रीज सुरू करू नये. आतला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. हे थांबणे आपोआप करणारा स्टॅबिलायझर इथे उपयोगी पडतो.

माकडांचाही विचार करावा लागतो. त्यांना दार उघडायला वेळ लागत नाही, म्हणून कुलपाचे मॉडेल घ्यावे. चिक्की मात्र फ्रीजमध्ये ठेवूच नये. बाहेर काढताच तिच्यावर दव धरते आणि साखर चिकट होते.

रविवारी निघताना काय करावे?

फ्रीज बंद करणार असाल तर तो रिकामा करून, पुसून, दारात लाकडाची चीप अडकवून फट ठेवावी. बंद दारामागे आठवड्यात बुरशी धरते. चालू ठेवणार असाल तर फ्रीजरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. पुढच्या शनिवारी नाणे वरच असेल तर ठीक. ते बर्फात खाली गेलेले दिसले, तर मधल्या दिवसांत वीज बराच वेळ गेली होती. मग आता सगळे गोठलेले दिसत असले, तरी आतले मांस आणि दुधाचे पदार्थ टाकून द्यावेत.