वामनदादा कर्डक : उशिरां अक्षर भेटलेला कवि

आमच्या बाभुळगांवीं एप्रिलच्या चौदा तारखेस भोंग्यावरून जीं गाणीं ऐकूं येतात, त्यांतलीं कित्येक एकाच माणसाचीं आहेत, हें ऐकणारांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. तो माणूस म्हणजे लोककवि वामन तबाजी कर्डक. सारा महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणे. मी स्वतः गांवच्या शाळेंत ३५ वर्षें मुलांकडून अक्षरें गिरवून घेतलीं; त्यामुळें वामनदादांच्या चरित्रांत मला सर्वांत अधिक कुतूहल वाटतें तें त्यांच्या अक्षरओळखीचें. म्हणून, श्रोतेहो, मी आरंभ तेथूनच करतों.

नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर तालुक्यांत देशवंडी नांवाचें गांव आहे. तेथें १५ ऑगस्ट १९२२ रोजीं वामनदादांचा जन्म झाला. घरीं दारिद्र्य, शाळेचा उंबरठा त्यांना लाभला नाहीं. पोट भरावयास मुंबई गांठली, पडेल तें काम केलें, कोळसा उपसला, आईस्फ्रूट आणि चिक्कीसुद्धां विकली. शिवडीच्या बी. डी. डी. चाळींत राहत असतां एके दिवशीं शेजारच्या कोणी एकानें त्यांच्या हातीं पत्र दिलें आणि तें वाचून दाखवा म्हटलें. विशीच्या घरांतला हा तरुण, अंगावर नीटनेटके कपडे. याला वाचतां येत असेल असें त्या माणसानें धरून चालणें स्वाभाविकच होतें. वामनदादांना नाहीं म्हणावें लागलें आणि त्या लाजेनें त्यांना रडूं कोसळलें. पुढें देहलवी नांवाच्या मास्तरांनीं त्यांना मुळाक्षरें शिकविलीं. बाराखडी झाल्यावर रस्त्यानें जातांना दुकानांवरच्या पाट्या एकेक अक्षर जोडून ते वाचीत आणि वाचन पक्कें करीत. आम्ही मुलांना कमळ आणि घर यांपासून पुढें नेतों. यांची क्रमिक पुस्तकें मुंबईच्या दुकानदारांनीं रंगवून ठेविलीं होतीं.

या पत्राच्या गोष्टीशीं माझीहि एक आठवण जोडलेली आहे; ती सांगतांना संकोच होतो. १९८६ सालीं एक शेतमजूर पोस्टाचें कार्ड घेऊन शाळेंत आला. मी हजेरीपत्रकाची बेरीज करीत होतों. "शाळा सुटल्यावर या," म्हणालों. तो निंबाखालीं मुकाट्यानें बसून राहिला. पांच वाजतां मीं कार्ड वाचलें. त्याच्या लेकीला यवतमाळास दवाखान्यांत नेलें होतें, आणि ताबडतोब निघून या, असा मजकूर होता. दुपारची मोटार केव्हांच गेली होती. मुलगी पुढें बरी झाली आणि त्या गृहस्थानें मला कधीं बोल लाविला नाहीं. परंतु अक्षर न येणाऱ्या माणसाचा वेळ आपण किती सहज खर्च करतों, हें मला त्या दिवशीं कळलें. वामनदादा कां रडले, हें मला कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

अक्षर आलें आणि लागलीच गाणें आलें. ३ मे १९४३ रोजीं त्यांनीं एका हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबनपर गीत रचिलें. तें ऐकून मंडळी हंसली, आणि आपल्याला हें साधतें असें त्यांना उमगलें. पण हंसविण्यावर ते थांबले नाहींत, याचें कारण त्यांच्या भोंवतालीं होतें. महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. त्याच्या प्रचारकांनीं तमाशाचा सांगाडा घेऊन त्यांत सुधारणेचा विषय भरला, आणि त्याला जलसा हें नांव पडलें. १९३० नंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीनें हेंच साधन हातीं घेतलें. नाशिककडचेच भीमराव कर्डक हे त्या जलशांचे एक अग्रणी. वृत्तपत्र जेथें पोंचत नसे, आणि पोंचलें तरी वाचणारा कोणी नसे, तेथें जलसा पोंचे. पुढें जलशांतलें सोंग मागें पडलें आणि पेटी, ढोलकी, चार साथीदार घेऊन नुसतें गाणाऱ्या गायनपार्ट्या आल्या. वामनदादांचा काळ मुख्यत्वें हा.

आतां त्यांचें गाणें कसें बांधलेलें असे तें पाहूं. चाल पुष्कळ वेळां लोकांच्या कानांत आधींच बसलेली. विद्वानांना यांत उसनवारी दिसते. मला विचाराल तर यांत मोठें शहाणपण आहे. कारण पेटीवाल्याला नवें कांहीं शिकवावें लागत नाहीं आणि श्रोता दुसऱ्या खेपेला ध्रुपद धरतो. गाण्याचा विषय मात्र त्या चालीवर पूर्वीं कोणी बसविला नसेल असा. मोठमोठ्या कारखानदारांच्या धनाच्या सांठ्यांत आमचा वाटा कोठें आहे, असें विचारणारें त्यांचें एक गीत सर्वश्रुत आहे. 'वाटा' हा शब्द पाहा. अर्थशास्त्रज्ञ येथें 'संपत्तीचें विषम विभाजन' म्हणेल. पण ज्यानें खळ्यावर धान्याच्या राशींतून मालकाचा वाटा आणि आपला वाटा वेगळा होतांना पाहिला आहे, त्याला या एका शब्दांत सगळा हिशेब कळतो. पुस्तकांतून शिकलेल्या कवीला हा शब्द सुचला असता कीं नाहीं, कोण जाणे.

सगळींच गाणीं या तोडीचीं नाहींत, हेंहि सांगितलें पाहिजे. त्यांनीं हजारों गाणीं रचिलीं. त्यांत प्रसंगापुरतीं, सभेच्या मागणीवरून केलेलीं पुष्कळ आहेत. 'वाटचाल' हा संग्रह १९७३ सालीं निघाला, त्यामागून 'मोहळ' आला; 'सांगते ऐका' या १९५९ सालच्या गाजलेल्या बोलपटासाठींहि त्यांनीं गीत लिहिलें. तथापि छापील पानावर किंवा पडद्यावर त्यांचें मन रमलें नाहीं. खांद्याला पिशवी लावून गांवोगांव फिरावें, मिळेल तेथें भाकर खावी आणि रात्रीं गावें, असा क्रम त्यांनीं आयुष्यभर चालविला. संसाराचें सुख थोडें मिळालें. मीरा नांवाची त्यांची लेक लहानपणींच गेली. १९५६ च्या ऑक्टोबरांत नागपुरास धर्मांतर झालें आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत बाबासाहेब गेले. त्यानंतर पोरक्या झालेल्या वस्त्यांतून त्यांच्या गाण्यांनींच पुष्कळांना धीर दिला. १९९३ सालीं, आमच्या शेजारीं वर्धेस, पहिलें अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षपदीं, रस्त्यावरच्या पाट्या वाचून शिकलेले वामनदादाच बसले होते. १५ मे २००४ रोजीं ते निवर्तले.

संतांच्या अभंगाप्रमाणें वामनदादाहि शेवटच्या कडव्यांत पुष्कळदां आपलें नांव गोंवतात. ही केवळ हौस नव्हे. जें गाणें तोंडोतोंडीं चालतें, त्याला मुखपृष्ठ नसतें. कर्त्याची सही राहावयाची ती त्या ओळींतच. आणि हल्लीं नेमकें तेंच कडवें गाळण्याची रीत पडत चालली आहे. गेल्या वर्षीं आमच्या गांवांतील एका गाणाऱ्या पोराला, माझ्याच हाताखालून गेलेल्या, मीं विचारलें, "बाबू, शेवटचं कडवं कुठं गेलं?"

"टाइम पुरत नाही, गुरुजी. लोक दुसरं गाणं मागतात."

"पण तुला येतं का?"

त्याला तें तोंडपाठ होतें. मीं वही पुढें केली आणि त्याच्याकडूनच तें लिहून घेतलें. अक्षर अजून बरें आहे त्याचें. यंदा तो तें म्हणतो कीं नाहीं, हें एप्रिलांत कळेल. मी भोंग्याच्या जवळच बसणार आहें.