सातचं आमंत्रण साडेआठचं कुणी केलं?

घरी जेवायला बोलावताना हल्ली वेळ सांगून भागत नाही, पुढे खुलासा जोडावा लागतो : “सात म्हणजे सातच हं.” तरीही निम्मी मंडळी आठ-सव्वाआठला येतात, दारात चपला काढता काढता “इंडियन स्टँडर्ड टाइम!” म्हणून हसतात आणि पंख्याखाली जाऊन बसतात. उशीर झाला म्हणून कुणाला ओशाळल्यासारखं वाटत नाही, आणि मला खरा त्रास होतो तो याचाच. उशीर कुणालाही होऊ शकतो. पण “उशीर आपल्या रक्तातच आहे, वेळ पाळणं ही साहेबानं लादलेली सवय” हे वाक्य शिकलेली माणसं अभिमानानं सांगतात, आणि ते धडधडीत चुकीचं आहे.

आधी संस्कृतीचं पाहू. आपल्या परंपरेत दिवसाच्या साठ घटिका मानल्या आहेत. एक घटिका २४ मिनिटांची, तिची साठ पळं, म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं. पळाच्याही खाली विपळं आहेत. घटिका मोजायला बुडाशी बारीक भोक असलेलं तांब्याचं पातेलं पाण्यावर सोडत. ते भरून बुडालं की एक घटिका झाली. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी हेच घटिकापात्र मांडवात ठेवलं जाई. भास्कराचार्य आणि त्यांची मुलगी लीलावती यांची दंतकथा पुष्कळांना ठाऊक असते : मुलीच्या दागिन्यातला मोती घटिकापात्रात पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळून गेला. ही कथा अकबराच्या दरबारातल्या फैजीनं १५८७ मध्ये भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाचं फारसी भाषांतर केलं, त्यात आलेली आहे. ती घडलेली असेलच असं नाही. पण एक घटिका हुकल्यानं आयुष्य बिघडलं ही कथा ज्या समाजात चारशे वर्षं सांगितली जाते, त्याला वेळेचं सोयरसुतक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पंचांग उघडा. तिथी किती वाजून किती मिनिटांनी संपते ते रोजच्या रोज छापलेलं असतं, आणि अकरा बेचाळीसचा मुहूर्त पत्रिकेवर छापणारे आपणच असतो.

आता ज्या ‘स्टँडर्ड टाइम’च्या नावानं ही थट्टा चालते, त्याचा इतिहासही या थट्टेला साथ देत नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. ८२.५ अंश पूर्व रेखांश धरून ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे ठेवली गेली. मुंबईची स्वतःची वेळ तेव्हा ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. म्हणजे मुंबईकरांना घड्याळ एकदम ३९ मिनिटं पुढे करायचं होतं. मुंबईनं ते मुकाट्यानं मानलं नाही. गिरणी कामगारांनी त्या जानेवारीतच विरोध केला, कारण गिरणीचा भोंगा नव्या वेळेनुसार वाजला तर सूर्याच्या हिशेबानं त्यांना ३९ मिनिटं आधी कामावर उभं राहावं लागणार होतं. शहरात ‘मुंबई टाइम’ पुढे १९५५ पर्यंत चालत राहिला. जवळजवळ अर्धं शतक एका शहरानं ३९ मिनिटांसाठी वाद घातला! ही माणसं मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारी होती.

आणि आपण आजही तसेच आहोत. आठ बेचाळीसची लोकल पकडणारा माणूस आठ त्रेचाळीसला फलाटावर येत नाही. नाटकाला तिसऱ्या घंटेआधी आपण खुर्चीत असतो. विमानासाठी तर तीन-तीन तास आधी घरातून निघतो, आणि त्या दिवशी ट्रॅफिकही आड येत नाही, कारण तो आपण आधीच हिशेबात धरलेला असतो. संध्याकाळी तोच माणूस, त्याच रक्ताचा, मित्राकडे दीड तास उशिरा पोचतो. गुण रक्तात असता तर तो लोकल आणि मित्र यांच्यात असा भेद करू शकला नसता. फरक एवढाच की लोकल थांबत नाही आणि मित्र थांबतो.

हेच म्हणणं अर्थशास्त्रात चोख मांडलेलं आहे. कौशिक बसू, जे पुढे भारत सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार आणि नंतर जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले, त्यांनी यॉर्गन वाइबुल या स्वीडिश अर्थतज्ज्ञासोबत २००२ च्या सुमारास वक्तशीरपणावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा साध्या शब्दांत असा : समोरचा वेळेवर येईल अशी खात्री असेल तर मीही वेळेवर जाईन, कारण उशीर केला तर तो खोळंबेल आणि मलाही तोटा होईल. समोरचा उशिराच येणार हे ठाऊक असेल तर मी वेळेवर जाऊन करू काय? नुसता बसून राहीन. तेव्हा माणसं स्वभावानं अगदी सारखी असली तरी एक समाज वक्तशीर होऊ शकतो आणि दुसरा उशिरा येणारा. दोन्ही ठिकाणी प्रत्येक जण आपापल्या परीनं शहाणपणानंच वागत असतो. म्हणजे आपण ज्याला संस्कृती म्हणतो, ते एकमेकांबद्दलचे अंदाज असतात, आणि अंदाज बदलता येतात.

आपल्या घरांत हे कसं घडतं ते बघा. यजमानाला वाटतं, लोक उशिरा येणार, म्हणून तो आठच्या जेवणासाठी सातची वेळ सांगतो. पाहुण्याला वाटतं, यानं तासभर आधीची वेळ सांगितली असणार, म्हणून तो साडेआठला निघतो. पुढच्या वेळी यजमान साडेसहा सांगतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या वेळेतून थोडं कापून घेतो, आणि अखेर सांगितलेल्या वेळेला काही अर्थच उरत नाही. यात फसतो तो एकटाच, जो सांगितलेली वेळ खरी मानून सातला बेल वाजवतो आणि यजमानीणबाई अजून आंघोळीला गेल्यात हे ऐकून कोचावर अवघडून बसतो. त्यालाच उलट ‘हावरट’, ‘रिकामटेकडा’ असली बिरुदं मिळतात. वेळ पाळणाऱ्याला शिक्षा आणि न पाळणाऱ्याला सवलत, असा हा उफराटा व्यवहार आहे.

“पण परदेशी संशोधकांनीही सिद्ध केलंय ना, आपण ढिले आहोत?” असं विचारणारे भेटतात. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाचं काम असतं. त्यानं ३१ देशांत लोक रस्त्यावर किती वेगानं चालतात, टपाल कचेरीत तिकीट द्यायला किती वेळ लागतो आणि सार्वजनिक घड्याळं किती बरोबर असतात हे मोजलं. स्वित्झर्लंड, आयर्लंड, जर्मनी, जपान पुढे होते, तर ब्राझील, इंडोनेशिया, मेक्सिको मागे. त्या ३१ देशांत भारत नव्हताच. लेव्हिननं संस्कृतीचा वाटा नाकारलेला नाही, पण त्याच्या निष्कर्षांत अर्थव्यवस्था आणि हवामान यांचाही वाटा आहे. रक्त कुठेही नाही.

आता या उशिराची किंमत कोण मोजतं? पहिली अर्थातच स्वयंपाक करणारी व्यक्ती. सातला तयार झालेल्या आमटीला साडेनऊपर्यंत तीनदा उकळी येते, पुऱ्या चिवट होतात, आणि सगळे आल्यावर पुन्हा गॅसपुढे उभं राहावं लागतं, तेही बाहेर गप्पा रंगलेल्या असताना. दुसरी किंमत आरोग्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत स्पष्ट म्हटलं आहे की शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये आणि वाढेपर्यंत ते ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम असावं. मेमधल्या पुण्या-नागपुरात टेबलावर मांडलेला पनीर आणि दहीवडा पाहुण्यांची वाट बघत अडीच तास बसला, तर ती हद्द सहज ओलांडली जाते. तिसरी किंमत मधुमेही माणसाची, आणि असा माणूस आज अनेक घरांत असतो. साधं इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घेतात. “आता पानं घेतोच” ऐकून आजोबांनी इन्सुलिन घेतलं आणि मग “अमुक येतायत, थोडं थांबू या” असं झालं, तर त्यांची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हा शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही, हा जिवाचा प्रश्न होतो. यजमानांनो, त्या आजोबांना आधी वाढा. कुणालाही वाईट वाटणार नाही, आणि वाटलं तर वाटू द्या.

“निघालोच, पाच मिनिटांत पोचतो” हा निरोप दर वेळी खोटा नसतो, हेही सांगायला हवं. आपल्याला किती वेळ लागेल याचा माणसाचा अंदाज बहुधा कमी पडतो. डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ही चूक दाखवून दिली. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं : सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात ५५-५६ दिवस लागले. उपाय एकच आहे. मनातल्या मनात ‘किती वेळ लागेल’ असं विचारू नका, ‘मागच्या वेळी किती लागला होता’ ते आठवा. कोथरूडहून हडपसरला शनिवारी संध्याकाळी मागच्या वेळी सव्वा तास लागला असेल, तर या वेळीही तेवढाच लागणार आहे.

आणखी काही समज थोडक्यात. ‘मोठी माणसं उशिराच येतात, पाश्चात्त्य रीतच तशी’ : एमिली पोस्टचं शिष्टाचारावरचं गाजलेलं अमेरिकन पुस्तक १९२२ चं आहे. त्यात उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी जेवण पंधरा मिनिटं आणि फार तर वीस मिनिटं थांबवावं, त्याहून जास्त थांबणं म्हणजे एकासाठी अनेकांचा अपमान, असं बजावलेलं आहे. फ्रान्समध्ये घरच्या जेवणाला दहा-पंधरा मिनिटं उशिरा जाणं सभ्यपणाचं मानतात, पण ते तेवढंच. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर हे सांगायलाच नको. ‘लवकर गेलं की मदत होते’ : बोलावलं असेल तरच होते, नाहीतर अर्ध्या तयारीतल्या यजमानाला तुमच्यासाठी चहा टाकावा लागतो. ‘बुफे आहे, केव्हाही गेलं तरी चालतं’ : केटरर माणसं ताटांच्या हिशेबानं आणि वेळेच्या मुदतीवर आणतो, उशिरा गेलात तर गार झालेली भाजी आणि आवराआवर बघायला मिळते. ‘कार्यक्रम रात्रभर चालेल’ : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला सहसा बंदी आहे, म्हणून साडेनऊला येऊन ‘गाणी लवकर संपवली’ अशी तक्रार करू नये.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. काही आमंत्रणांत एक ठरावीक क्षण असतो, काहींत मोकळा अवधी असतो. मुहूर्त, मुंज, बारसं, केक कापायचा असलेला लहान मुलाचा वाढदिवस आणि घरचं जेवण ही पहिल्या प्रकारची. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी हॉलवर असावं, अक्षता तुमच्यासाठी थांबत नाहीत. मुलाच्या वाढदिवसाला अगदी वेळेवर जावं, कारण पाच वर्षांचा यजमान आठपर्यंत पेंगुळतो. घरच्या जेवणाला सांगितलेल्या वेळेपासून दहा-पंधरा मिनिटांत पोचावं, आधी नको. सत्यनारायणाचा तीर्थप्रसाद, हळदीकुंकू, ‘सात ते दहा’ असं छापलेलं स्वागत समारंभाचं आमंत्रण ही दुसऱ्या प्रकारची. तिथे त्या अवधीत कधीही जा, शेवटची पंधरा मिनिटं तेवढी टाळा.

२००३ मध्ये इक्वेडोर या देशानं उशिराच्या सवयीविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली आणि लोकांनी एकाच वेळी घड्याळं जुळवली. आपल्याला मोहीम नको, एक ओळ पुरे. पुढचं आमंत्रण पाठवाल तेव्हा दोन वेळा लिहा : ‘यायचं सात, पानं पावणेआठला.’ आणि पावणेआठला खरोखर पानं वाढा, कोणी आलेलं नसलं तरी.