हार्वर्डचे गणित आणि मुठेचे खोरे

पुण्याला खडकवासल्याचे पाणी मिळते, असे आपण वर्गात सहज सांगतो. प्रत्यक्षात खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा सुमारे १.९७ अब्ज घनफूट (टीएमसी) एवढाच आहे. त्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर ही धरणे आहेत. चारही धरणांचा साठा मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट भरतो. म्हणजे खडकवासल्याचा वाटा शंभरात सातसुद्धा नाही. तेव्हा हे पाणी पुढे किती वर्षे पुरेल, हे धरणांच्या भिंतींइतकेच वरच्या डोंगरउतारांवरील मातीवर आणि झाडांवर अवलंबून आहे.

एखादे साधन आज वापरावे, पण पुढच्या पिढ्यांनाही ते पुरावे, या विचाराला ‘शाश्वत विकास’ म्हणतात. १९८७ च्या ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालानंतर हा शब्द सर्वतोमुखी झाला. आज परदेशी विद्यापीठांत या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत आणि आपले विद्यार्थीही तिकडे जातात. तेथून नेमके काय शिकून यायचे? या प्रश्नाचे उत्तर एका पुणेकर शास्त्रज्ञाच्या कामात सापडते.

माधव गाडगीळ यांचा जन्म १९४२ चा. फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र आणि मुंबई विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकून ते १९६५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. गणिती परिसरशास्त्रात संशोधन करून त्यांनी १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विल्यम बॉसर्ट यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा १९७० चा शोधनिबंध प्रसिद्ध आहे. त्यातील मूळ कल्पना घरखर्चाच्या हिशेबासारखी आहे. सजीवाजवळची ऊर्जा मर्यादित असते. ती स्वतःच्या वाढीवर खर्चावी की प्रजननावर? आंब्याचे झाड वर्षानुवर्षे फळते. उलट बांबूच्या अनेक जाती कित्येक वर्षे नुसत्या वाढतात, एकदाच फुलतात आणि मरून जातात. कोणत्या परिस्थितीत कोणता मार्ग फायद्याचा ठरेल, हे गणिताने तपासता येते.

१९७१ मध्ये गाडगीळ पुण्याला परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह त्यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. या भटकंतीत पानशेतच्या परिसरातील चित्र त्यांना दिसले. धरणात खालच्या सुपीक जमिनी बुडाल्या, तेव्हा विस्थापित शेतकरी वरच्या उतारांवर शेती करू लागले. धरणासाठी रस्ते झाल्यामुळे कोळसा बाहेर नेणे सोपे झाले. अडचणीतल्या शेतकऱ्यांनी झाडे कोळशाच्या व्यापाऱ्यांना विकली आणि डोंगर उघडे पडले.

उघड्या उतारावर पावसाचा थेंब थेट मातीवर आदळतो आणि तिचे कण सुटे करतो. पाणी अडवायला पाने, गवत, मुळे नसल्याने ते वेगाने धावते आणि कण वाहून नेते. जलाशयात शिरताच पाणी मंदावते. आधी जाडसर वाळू बसते, मग बारीक गाळ. गाळाने व्यापलेली जागा पाण्याला उरत नाही. माणसांचे विस्थापन, झाडांची तोड आणि धरणाचे आयुष्य या एकाच साखळीच्या कड्या आहेत.

गाडगीळ १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. कर्नाटकातील बांबूच्या अभ्यासातही असाच अनुभव आला. बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण गावकरी तसेच ठेवत. कागद गिरणीचे मजूर मात्र तोडणी सोपी व्हावी म्हणून ते काढून टाकत. मग कोवळे कोंब गुरांच्या तोंडी पडत. दरवर्षी किती बांबू तोडावा, हे गणित सांगू शकते. पण कोंब जगतात की नाही, हे रानात जाऊनच कळते.

परदेशी शिक्षणाचे महत्त्व येथेच आहे आणि त्याची मर्यादाही. प्रश्न नेमका मांडणे, मोजमाप करणे, आपलेच गृहीतक पडताळून पाहणे, हे तेथे शिकता येते आणि ते कोणत्याही देशात उपयोगी पडते. मात्र खोऱ्याची माहिती त्या खोऱ्यातच मिळवावी लागते, तीही तेथल्या माणसांच्या भाषेत. २०११ मध्ये गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने अहवाल दिला. त्यात संवर्धनाच्या निर्णयांत ग्रामसभांना स्थान देण्यावर भर होता.

याची सुरुवात शाळेतच करता येईल. दोन ट्रे सारखेच तिरपे ठेवा. एकात मोकळी माती आणि दुसऱ्यात गवतासकट मातीचा थर घ्या. दोन्हींवर झारीने सारखेच पाणी घाला आणि खाली वाहून आलेले पाणी काचेच्या बरण्यांत साठवा. ते रात्रभर स्थिर ठेवून तळाच्या गाळाची जाडी पट्टीने मोजा. मग गावातले तळे, ओढा किंवा बंधारा पाहायला जा आणि वरच्या उतारांवर पूर्वी काय होते, हे वयस्कर मंडळींना विचारा. ज्या विद्यार्थ्याला पुढे परदेशी जाऊन हा विषय शिकायचा आहे, त्याला गणित आणि जीवशास्त्र पक्के करायला सांगाच. पण आपल्या ओढ्याची वहीही त्याच्यापाशी असू द्या.